अर्धशिशी आणि पित्ताचा आळ

अर्धशिशीने डोकं धरून बसलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो ‘काय खाल्लं होतंस?’ हा. उलटी झाली की बरं वाटतं, म्हणजे हे पित्तच, असा त्यामागचा तर्क. घरोघरी रुजलेला हा तर्क कार्यकारणाची दिशाच चुकवतो. मळमळ आणि उलटी ही अर्धशिशीची, म्हणजे मायग्रेनचीच लक्षणं आहेत. झटक्याच्या वेळी जठराचं कामही मंदावतं, म्हणून सकाळचे पोहे दुपारी जसेच्या तसे बाहेर पडतात आणि उशिरा घेतलेली गोळी लागू पडत नाही. पोट बिघडल्याने डोकं दुखतं असं नव्हे, मेंदूत सुरू झालेली एकच प्रक्रिया डोकं आणि पोट दोन्ही बिघडवते.

अशीच गफलत चॉकलेटच्या बाबतीत झाली आहे. प्रत्यक्ष ठणका सुरू होण्याआधी काही तास, कधी दोन दिवससुद्धा, अनेकांना जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, गोड खावंसं वाटतं, उजेड खुपू लागतो. झटका तेव्हाच सुरू झालेला असतो. त्या ओढीने खाल्लेलं चॉकलेट मग गुन्हेगार ठरतं. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात डोकेदुखीचा जुना त्रास असलेल्या ६३ स्त्रियांना चॉकलेट आणि तशाच चवीचा कॅरोबचा पदार्थ, कोणता कुठला ते न सांगता दिला. चॉकलेटने डोकेदुखी जास्त उठली नाही. २०१३ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी प्रखर उजेडाने किंवा जोरकस व्यायामाने त्रास होतो असं सांगणाऱ्या २७ रुग्णांना मुद्दाम त्याच गोष्टींना सामोरं नेलं. डोळ्यांपुढे चमक आणणारा त्यांचा नेहमीचा झटका फक्त तिघांना आला; आणखी तिघांना साधा मायग्रेन झाला. प्रयोग लहान आहे, पण रुग्णाची खात्री आणि खरं कारण यांत किती अंतर असू शकतं ते त्यातून दिसतं.

‘मग आमचा इतक्या वर्षांचा अनुभव खोटा का?’ खोटा नाही, अपुरा आहे. दुखलेला दिवस लक्षात राहतो. तोच पदार्थ खाऊन काहीही न झालेले दिवस विसरले जातात. हरतालिकेला निर्जळी उपवास, चुकलेला चहा, रात्रीचं जागरण. दुसऱ्या दिवशी डोकं उठतं आणि आळ येतो गणपतीच्या मोदकातल्या गूळखोबऱ्यावर. उपाशी राहणं, झोपमोड, पाळीच्या सुमारास इस्ट्रोजेनची पातळी घसरणं ही कारणं खरी आहेत, आणि बऱ्याचदा एकट्याने नव्हे, दोन-तीन मिळून झटका आणतात. म्हणून नोंद रोजची हवी, न दुखलेल्या दिवसांचीही: झोप, जेवणाच्या वेळा, पाळी, घेतलेल्या गोळ्या, आणि आदल्या दोन दिवसांतली ती मान आखडणं नि जांभया.

‘चार पदार्थ सोडले तर बिघडलं काय?’ असंही विचारतात. बिघडतं. यादी वाढत जाते, ताट आणि जगणं आक्रसतं, आणि प्रत्येक झटक्याचा दोष रुग्णावर, बहुतेक वेळा घरातल्या बाईवर येतो. हा आजार स्त्रियांत पुरुषांच्या दुपटी-तिपटीने आढळतो. दरम्यान दुकानातून आणलेल्या गोळ्या मोजल्याच जात नाहीत. मिश्र वेदनाशामक किंवा ट्रिप्टान ही मायग्रेनवरची खास गोळी महिन्यात १० किंवा अधिक दिवस, साधं वेदनाशामक १५ किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर त्या गोळ्याच डोकेदुखी वाढवू शकतात. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलीन यांसारखी झटके कमी करणारी औषधं आज उपलब्ध आहेत. ती कोणाला द्यायची हे डॉक्टर ठरवतील. पण त्यासाठी त्यांच्यापुढे पथ्यांच्या यादीऐवजी रोजच्या नोंदींची ती वही ठेवायला हवी.