मोडले तर मोडू द्या!

‘आजचे युग हे यंत्रयुग आहे’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेच्या निबंधात एकदा तरी लिहिले असेल. मीही लिहिले होते. त्या वेळी यंत्र म्हणजे भाताची गिरणी आणि रामनगरहून येणारी बस एवढेच माझ्या डोळ्यांपुढे होते. आता उळवीच्या जत्रेतल्या दुकानातही यंत्रमानव उभा दिसतो. डोळ्यांत लाल दिवे, हातात पिस्तूल आणि सोबत चार बटणांचा रिमोट. मुलगा हट्ट धरतो, बाप घासाघीस करतो आणि यंत्रमानव पिशवीत बसून गावी जातो. तिथे बंद पडल्यावर त्याचे काय होते आणि काय व्हायला हवे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

माझ्या पाचवीतल्या मावसभावाचा यंत्रमानव तिसऱ्या दिवशी बंद पडला. चौथ्या दिवशी भावाने त्याचे सगळे स्क्रू काढले. मावशी कडाडली, “एवढे पैसे घालून आणलं, आणि मोडून ठेवलंस!” पण तोवर आतला ऐवज अंगणात पसरला होता. दोन लहान मोटारी, प्लॅस्टिकची दातेरी चाके, एक हिरवी पट्टी, काही तारा. त्याने डोळ्यांच्या तारा एका मोटारीच्या तारांना पिळून जोडल्या आणि सहज म्हणून चाक हाताने जोरात फिरवले. बॅटरी नसताना यंत्रमानवाचे डोळे लागले! उलट फिरवले तेव्हा लागले नाहीत. “दादा, असं का?” त्याने विचारले. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. मला उत्तर देता आले नाही.

उत्तर विज्ञानाच्या एका प्राध्यापकांनी दिले. मोटारीला वीज दिली की ती फिरते. तीच मोटार बाहेरून फिरवली की वीज देते. चुंबक आणि तारेचे वेटोळे एकमेकांसमोर हलले की तारेत वीज निर्माण होते, हे फॅरडेने 1831 साली दाखवून दिले. चाक उलटे फिरवले की विजेची दिशा उलटते, आणि तो दिवा एकाच दिशेची वीज घेणारा असल्याने लागत नाही. शेवटी ते म्हणाले, गणेशगुडीला 101 मीटर उंच सुपा धरणाच्या पायथ्याशी जे वीजघर आहे, तिथेही तत्त्व हेच. फक्त हाताच्या जागी काळी नदी आहे. ज्या धरणाखाली सुपा गाव बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले, त्या धरणाचे मर्म आमच्या मावशीच्या अंगणात एका मोडक्या खेळण्याने सांगितले. चालू असताना ते खेळणे हे सांगत नव्हते.

वस्तुतः रिमोटवर चालणाऱ्या या खेळण्याला यंत्रमानव म्हणणे ही थोडी अतिशयोक्तीच आहे. खरा यंत्रमानव तीन कामे करतो. भोवतालचे काही तरी जाणतो, त्यावरून ठरवतो आणि मग कृती करतो. जत्रेतले खेळणे फक्त तिसरे काम करते. पहिली दोन मुलाकडेच राहतात, आणि तीही चार बटणांपुरती. ‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक या चेक नाटककाराच्या 1920 सालच्या नाटकातून जगभर गेला. त्याचे मूळ ‘रोबोटा’, म्हणजे आपल्या भाषेत वेठबिगार. आठ दिवस तीच चार बटणे दाबून कंटाळलेले मूल पाहिले की वेठीला नक्की कोण धरले गेले आहे, असा प्रश्न पडतो.

दुसरा प्रकार स्वतः जोडून तयार करायच्या यंत्रमानवाच्या संचांचा. त्यात मोटारी, चाके, संवेदक आणि आज्ञा साठवणारी एक छोटी पट्टी सुटी मिळते. पांढऱ्या कागदावरच्या काळ्या रेघेवरून चालणारी गाडी हा यातला नेहमीचा पहिला धडा. संवेदक खाली अवरक्त किरण सोडतो. पांढरा रंग ते परत पाठवतो, काळा गिळतो. डावीकडे काळे लागले की डावी मोटार थांबवायची, म्हणजे गाडी डावीकडे वळून रेघेवर येते. हा नियम मुलाने स्वतः लिहायचा असतो. चुकला तर गाडी रेघ सोडून पळते, आणि मुलाला आपली चूक डोळ्यांनी दिसते. ‘चूक ही शिक्षा देण्याची नव्हे, शोधण्याची गोष्ट आहे’ हा विचार सेमूर पेपर्ट यांनी 1980 साली ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात मांडला. त्याच नावाचा यंत्रमानवाचा संच लेगो कंपनीने 1998 साली बाजारात आणला आणि 2022 अखेर बंद केला. 2005 साली इटलीत जन्मलेल्या ‘आर्डुइनो’ पट्टीची रचना सर्वांना खुली आहे; त्यामुळे तिच्या नकला आज काही शे रुपयांत मिळतात. तेव्हा ही केवळ श्रीमंतांची चैन उरलेली नाही.

सरकारलाही हे पटलेले आहे. 2016 साली अटल नवप्रवर्तन मिशन सुरू झाले. त्यात निवडलेल्या शाळेला प्रयोगशाळेसाठी वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान ठरले. अशा दहा हजार प्रयोगशाळा झाल्या, आणि 2025 च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी पन्नास हजारांची घोषणा झाली. पैसा येतो आहे. मग अडते कुठे?

माझ्या मते अडते ते कपाटाच्या कुलपात. माझ्या ओळखीच्या एका शाळेला देणगीतून असे दोन संच मिळाले. उद्घाटनाला ते टेबलावर मांडले गेले, फोटो निघाले, आणि त्याच संध्याकाळी ते कपाटात गेले. तीन पावसाळे उलटले. आपल्याकडचा पाऊस कपाटाच्या आतही पडतो हे वेगळे सांगायला नको. बॅटऱ्या फुटून पाझरल्या, पत्र्या गंजल्या, पुस्तिकेला वाळवी लागली. एकाही मुलाचा हात न लागता संच मोडले. डेडस्टॉक रजिस्टरात मात्र ते आजही पूर्ण किमतीने जिवंत आहेत!

मी त्या गुरुजींना दोष देणार नाही. ते म्हणाले, “मोटार जळली तर ऑडिटला उत्तर कोण देणार? तू देणार?” प्रश्न रास्त आहे. आणि इथे मात्र, विज्ञानाचा गंध नसला तरी, वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला बोलायचा अधिकार आहे. चूक गुरुजींची नाही, नोंदीची आहे. बाक, कपाट, घड्याळ या टिकाऊ वस्तू. त्या भांडवली खर्चात जातात. खडू आणि शाई वापरून संपायच्या; त्या खर्ची टाकतात. खडू झिजला म्हणून आजवर कोणा गुरुजींना जाब विचारलेला नाही. रसायनशाळेत परीक्षानळी फुटते, तिचीही ‘ब्रेकेज’मध्ये नोंद होते आणि प्रयोग पुढे चालू राहतो. यंत्रमानवाचा संच आपण बाकाच्या रांगेत बसवला. तो खडूच्या रांगेतला आहे. निदान त्यातल्या मोटारी, तारा, दिवे आणि बॅटऱ्या पहिल्याच वर्षी खर्ची टाकाव्यात, आणि दरवर्षी थोडी रक्कम नव्या सुट्या भागांसाठी ठेवावी. मुलांनी काय जोडले याची एक वही ठेवावी. तपासणीला तीच दाखवावी.

कोणी म्हणेल, सार्वजनिक पैशाची ही उधळपट्टी आहे. मी विचारतो, कपाटात कुजणे ही काटकसर कशी? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी आगपेट्यांच्या काड्या, सायकलची नळी आणि टाकाऊ डबे यांतून विज्ञानाची खेळणी वर्षानुवर्षे करून दाखवली. मग हे महाग संच हवेत कशाला? हे मला बव्हंशी मान्य आहे. करवंटीची गाडी आणि बांबूची बंदूक करणारी आमची मुले त्या शाळेत आधीच दाखल आहेत. पण करवंटीच्या गाडीला ‘काळे लागले तर वळ’ अशी आज्ञा लिहिता येत नाही. आजचे जग ज्या आज्ञांवर चालते त्या लिहिण्याची पहिली संधी मुलाला शाळेतच मिळाली पाहिजे, कारण घरी ती मिळणार नाही. टाकाऊ वस्तूंकडून घ्यायची ती महाग वस्तू नव्हे, निर्भयपणा घ्यायचा. टाकाऊ डबा मोडला तर कोणी ओरडत नाही. म्हणूनच त्यातून शिकता येते.

देशाच्या हिशेबातही हे बसते. 2020 साली खेळण्यांवरील आयात शुल्क वीस टक्क्यांवरून साठ टक्के झाले, 2023 साली सत्तर. 2021 पासून खेळण्यांवर भारतीय मानक चिन्हही सक्तीचे झाले. बाहेरच्या मालाला दार लावले, ठीक; पण सावंतवाडीच्या किंवा चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांमागे जसे पिढ्यान्‌पिढ्यांचे हात आहेत, तसे या नव्या खेळण्यांमागचे हात कुठून येणार? ज्याने लहानपणी एकही खेळणे उघडले नाही, तो मोठेपणी खेळणे घडवील हे मला संभवत नाही.

म्हणून एक लहानसे काम सुचवतो. या संचांच्या पुस्तिका बहुधा इंग्रजीत असतात, आणि मराठी किंवा कन्नड माध्यमाचे मूल पहिल्याच पानावर अडते. हे मी स्वानुभवाने जाणतो. ज्या महाविद्यालयाच्या वार्षिकात मराठी आणि कन्नड दोन्ही विभाग आहेत, तिथे आठ पानांची दुभाषी पुस्तिका तयार होणे कठीण का असावे? विज्ञानवाल्यांनी मजकूर द्यावा, आम्ही भाषांतर करू, आणि शनिवारी जवळच्या शाळेत जाऊन रजिस्टर कसे लिहावे हेही गुरुजींसोबत बसून पाहू.

मावसभावाच्या यंत्रमानवाला आता डोके नाही, पाय नाहीत. एक चाक, एक मोटार आणि दोन डोळे तेवढे एका फळीवर खिळवलेले आहेत. तो ते चाक ओहोळाच्या पाण्यावर फिरवायच्या खटपटीत आहे. अजून जमलेले नाही. मावशी मात्र आता ओरडत नाही. परवा तिनेच त्याला जुन्या डब्याचा पत्रा काढून दिला.