पेसमेकर बसवला, मग थकवा का?

पेसमेकर बसवला की अब्बा पहिल्यासारखे होतील, अशी घरच्यांची आशा असते. पण काही महिने उलटले तरी जिना चढताना दम लागतो, रात्री तीनदा जाग येते, दुपारी बसल्या बसल्या डोळा लागतो. विचारलं तर “वय झालं बेटा” म्हणतात. मुलांना पुन्हा खर्च नको, हेही त्यामागे असतं.

वाचकहो, या उत्तरावर थांबू नका. ठोके फार मंद पडू न देणं, एवढंच पेसमेकरचं काम. रक्त कमी असणं, थायरॉइड, ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या, झोपेत श्वास अडकणं ही थकव्याची कारणं तशीच राहतात. घोरता घोरता श्वास थांबतो का, हे शेजारी झोपणाऱ्या अम्मीच सांगू शकतात.

कधी कारण यंत्राच्या सेटिंगमध्ये असतं. किमान वेग बहुधा मिनिटाला 60 च्या आसपास ठेवतात. चालताना तो वाढवण्याची, झोपेत कमी करण्याची सोय अनेक पेसमेकरमध्ये असते. डॉक्टर ती बाहेरूनच, चिरफाड न करता बदलू शकतात. पण त्रास सांगितला तरच!

म्हणून आठवडाभर वहीत लिहा : झोप कधी लागली, किती वेळा मोडली, कोणत्या कामाने थकवा आला. दुपारची झोप अर्ध्या तासात आवरा, असरनंतर चहा टाळा. मोबाइल छातीच्या खिशात ठेवू नका. गोळी मनाने बंद करू नका. चक्कर, बेशुद्धी किंवा पेसमेकरच्या जागी सूज आली, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.