प्रदर्शनानंतर काय?

दरवर्षी अनेक शाळांत विज्ञान प्रदर्शन भरते. त्यात पुठ्ठ्याची पवनचक्की असते, सौरचूल असते, गोबर गॅसची प्रतिकृतीही असते. पाहुणे कौतुक करतात, बक्षिसे वाटली जातात. पुढे त्या प्रतिकृती कपाटावर धूळ खात पडतात. मग प्रश्न पडतो, प्रदर्शनानंतर काय?

ऊर्जेचा प्रश्न कपाटावर ठेवण्यासारखा नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, देवगड तालुक्यातील मिठबाव हे समुद्रकाठचे गाव आहे. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले. झाडे उन्मळली, विजेचे खांब कोसळले. किनाऱ्यावरील कित्येक गावे काही दिवस अंधारात राहिली. वीज नसली की पंप बंद पडतो आणि पंप बंद पडला की पाणीही मिळत नाही. अशा वेळी उन्हावर चालणाऱ्या एका दिव्याचेही मोल कळते.

2 ऑक्टोबर 2018 रोजी मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये पाच हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी एकाच वेळी स्वतःच्या हातांनी सौरदिवे जोडले. ही मोठी गोष्ट आहे. पण दिवा जोडणे ही केवळ सुरुवात होय. पुढे त्याची बॅटरी संपली, तर ती कोण बदलणार? हे काम ज्याला येते, तोच खरा शिकला.

असे शिक्षण आपल्या राज्याला नवे नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञाने 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. हातांनी काम करता करता शिकावे, हा त्यांचा विचार होता. पुढे तो विचार अनेक शाळांत पोहोचला. तेथे आठवी ते दहावीची मुले आठवड्यातील एक दिवस शेती, बांधकाम, ऊर्जा, आरोग्य अशी कामे शिकतात आणि गावाच्या उपयोगी पडतात.

मिठबावच्या मुलांनाही असे काम शोधायला दूर जावे लागणार नाही. घरचे वीजबिल हेच पहिले पुस्तक. 60 वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास जळला, तर महिन्याला 9 युनिट वीज लागते. 9 वॅटच्या एल. ई. डी. दिव्याला दीड युनिटही लागत नाही. हा हिशोब मुलांनी दहा घरांत मांडून दाखवावा. कोकणात आमसुले, आंबापोळी आणि मासळी उन्हात वाळवतात. त्यावर धूळ बसते, माश्या बसतात. काच लावलेली, आतून काळा रंग दिलेली, हवा खेळती राहणारी पेटी केली, तर माल स्वच्छ राहील. किती वेळ वाचला, हे मुलांनी रोज मोजावे. पावसाळ्यात ऊन कमी, पण वारा जोराचा असतो. देवगडच्या पठारावर पवनचक्क्या उभारल्या गेल्या, त्या या वाऱ्याच्या भरवशावरच. कोणत्या महिन्यात ऊन किती आणि वारा किती, याची नोंद वर्षभर ठेवली, तर ती गावालाही उपयोगी पडेल.

काही पालक म्हणतील, ‘दहावीची परीक्षा आहे, याला वेळ कुठे?’ त्यांची काळजी खरी आहे. पण वीज आणि उष्णता हे विषय विज्ञानाच्या पुस्तकातही आहेतच. जे हातांनी केले, ते पाठ करावे लागत नाही. मात्र घरातील विजेच्या तारांना मुलांनी हात लावू नये. ते काम जाणकारांचेच.

म्हणून शाळांनी बक्षीस देण्याची रीत थोडी बदलावी, असे मला वाटते. सर्वांत सुंदर प्रतिकृतीला बक्षीस जरूर द्यावे. पण त्याहून मोठे बक्षीस अशा वस्तूला द्यावे, जी वर्षभरानंतरही कोणाच्या तरी घरी चालू आहे. ती बिघडली आणि मुलांनीच दुरुस्त केली असेल, तर आणखी दोन गुण अधिक द्यावेत.