छातीतली शिट्टी

समजा, सुटीत तुम्ही नांदेडहून लातूरला आजोबांकडे गेलात. सकाळी आठला सगळे चहा घेत बसलेत आणि कुठूनतरी 'टीं-टूं, टीं-टूं' असा बारीक आवाज आला. मोबाईल पाहिला, तो गप्प. घड्याळही गप्प. आजोबा म्हणतात, "मला तर काहीच ऐकू येईना!" दुसऱ्या दिवशी बरोबर आठलाच पुन्हा तेच. आणि आवाज येतोय आजोबांच्याच छातीतून!

हसू नका. काहींच्या हृदयाचे ठोके अचानक भलत्याच वेगानं, वेडेवाकडे पडू लागतात. त्यांच्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीहून थोडं मोठं यंत्र बसवतात. त्याला आयसीडी म्हणतात. ठोके बिघडले, की ते विजेचा झटका देऊन हृदयाला ताळ्यावर आणतं. माणसाला असं यंत्र पहिल्यांदा बसवलं ते १९८० साली, अमेरिकेत बाल्टिमोरला.

यंत्रापासून हृदयापर्यंत एक बारीक तार शिरेतून गेलेली असते. खरी गंमत आणि खरी भीती या तारेत आहे. मिनिटाला ७२ ठोके धरा आणि दिवसाचा हिशेब करा. एक लाखावर जातो ना? म्हणजे ती तार दिवसातून लाख वेळा हलते, वाकते. घरातल्या इस्त्रीची वायर नेमकी मुठीपाशीच का तुटते, ते आठवा. तारेला तडा गेला, की तिच्यात खरखर सुरू होते. यंत्राला वाटतं, हृदयच सैरावैरा धावतंय! मग ते धडधाकट बसलेल्या माणसाला उगाच झटका देतं.

म्हणून यंत्र रोज स्वतःच तारेत इवलासा विद्युतप्रवाह सोडून तिचा रोध मोजतं. (नववी-दहावीवाल्यांनो, तुमचा ओहमचा नियम!) रोध एकदम वाढला तर तार तुटत असेल, फार घटला तर वरचं आवरण फाटलं असेल. बॅटरी संपत आली तरी यंत्र हाक मारतं. काही यंत्रं रोज ठरल्या वेळी वाजतात, काही दर सहा तासांनी, तर काही वाजतच नाहीत, नुसती थरथरतात.

२००७ च्या ऑक्टोबरात मेडट्रॉनिक कंपनीनं आपल्या एका जातीच्या तारांची विक्री थांबवली, कारण त्या तुटत होत्या. तोवर जगभर सुमारे २ लाख ६८ हजार तारा माणसांच्या छातीत बसलेल्या! सगळ्या काढणं धोक्याचं. मग इंजिनियरांनी तडा लवकर ओळखणारा नवा प्रोग्रॅम लिहिला आणि छाती न उघडता, बाहेरूनच, तो यंत्रांत भरला. मला तर ही युक्ती यंत्राहूनही भारी वाटते.

पण एक घोटाळा आहेच. वय वाढलं, की आधी बारीक, चिरके आवाज ऐकू येईनासे होतात. शिट्टी वाजते ती आजोबांसाठी, आणि ऐकू येते नातवाला! त्यात ठरलेल्या वेळी आजोबा लोहा-अहमदपूरच्या रस्त्यावर एस.टी.त बसलेले असले, तर मग संपलंच.

आवाज ऐकलात तर वेळ लिहून ठेवा आणि घरच्यांना त्याच दिवशी दवाखान्यात फोन करायला लावा. यंत्र हैदराबादला किंवा पुण्याला बसवलेलं असलं तरी आजोबांच्या खिशातल्या कार्डावर त्याचं नाव-मॉडेल असतं, तेवढं फोनवर वाचून दाखवा. आजोबांना एकापाठोपाठ झटके बसू लागले किंवा शुद्ध हरपली, तर थेट १०८. त्यांना हात लावायला भिऊ नका. झटक्याच्या वेळी हात लागलाच, तर फार तर झिणझिण्या येतील.

पुढच्या तपासणीला तुम्हीही बरोबर जा. यंत्र वाजणारं असेल तर डॉक्टर तो आवाज मुद्दाम वाजवून दाखवू शकतात. नीट ऐकून घ्या. आणि आजोबांना विचारा, त्यांना ऐकू आला का ते.