चिखलातील बुडबुडे

आवणी आटोपून महिना-दीड महिना लोटला, की शहापूर-मुरबाडकडचा शेतकरी तण काढण्यासाठी पुन्हा भातखाचरात उतरतो. त्याचे पाऊल चिखलात रुतताच तळातून बुडबुडे उठतात आणि पाण्यावर येऊन फुटतात. त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही. वस्तुतः पृथ्वीच्या वाढत्या उष्म्याची गोष्ट खेड्यातील माणसांना सांगावयाची असेल, तर ती या बुडबुड्यांपासूनच आरंभावी.

आजवर ती बहुधा ध्रुवप्रदेशापासून सांगितली जाते. वितळणारे हिमखंड आणि पांढरी अस्वले यांची चित्रे दाखविली जातात. ऐकणारा मान डोलावतो व मनात म्हणतो, 'अस्वलांचे वाईट झाले खरे. पण आमच्या विहिरीने चैत्रातच तळ गाठला, त्याचे काय?' तानसा आणि भातसा यांचे पाणी ज्या तालुक्यातून मुंबईला जाते, त्याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तेथील माणसाचा हा प्रश्न रास्तच म्हटला पाहिजे.

परंतु दूरची गोष्ट टाळूनही चालणार नाही. सैबेरिया, अलास्का व कॅनडा या प्रदेशांत कित्येक ठिकाणी जमीन हजारो वर्षे गोठलेली आहे. मराठीत खाचर, वरकस, माळ, खाजण असे जमिनीचे कितीतरी शब्द आहेत. या जमिनीसाठी मात्र घरगुती शब्द नाही, कारण तिच्याशी आपला कधी संबंधच आला नाही. सैबेरियातील याकुत्स्क नगरात शेर्गिन नावाच्या गृहस्थाने १८२८ साली विहीर खणावयास घेतली. १८३७ पर्यंत सुमारे ११६ मीटर खोल जाऊनही गोठलेली माती संपली नाही! दरवर्षी विहीर खोल करीत जाणाऱ्या मुरबाडच्या शेतकऱ्याला त्याची निराशा समजावून सांगावी लागणार नाही.

त्या मातीत पुरातन काळचे गवत, मुळे व शेवाळ न कुजता पडून आहे. आठवड्याच्या बाजारात येणारी मासळी पेटीत बर्फ आहे तोवर टिकते. बर्फ वितळला की तिला वास सुटतो. तसेच तेथेही होते. माती वितळू लागली, की सूक्ष्म जंतू त्या अवशेषांवर तुटून पडतात. हवा पोहोचते तेथे कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो, आणि साचलेल्या पाण्याखाली मिथेन वायू. खाचराच्या चिखलातून उठतो तो हाच मिथेन. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता राखतो. उत्तरेकडील त्या गोठलेल्या प्रदेशात साठलेला कार्बन वातावरणातील कार्बनाच्या जवळजवळ दुप्पट आहे. तो सारा एकदम बाहेर पडणार नाही. पण जेवढा पडेल, तेवढा परत त्या मातीत कोंडता यावयाचा नाही.

येथे सांगणाऱ्याने एक सावधगिरी बाळगावी. भात लावणारा हाच अपराधी, असा ग्रह ऐकणाऱ्याचा होऊ देऊ नये. भातशेतीतून मिथेन निघतो, हे खरे. खाचरातील पाणी मधून मधून काढले तर तो कमी होतो, हेही खरे. परंतु डोंगरउतारावर केवळ पावसाच्या भरवशावर भात पिकविणारा हाती आलेले पाणी कसे सोडील? पृथ्वी तापली ती मुख्यतः कोळसा व खनिज तेल जाळल्यामुळे, आणि त्यात या शेतकऱ्याचा वाटा फारच अल्प आहे.

दुसरी सावधगिरी खरेपणाची. २०१९ साली ऑक्टोबरअखेरच्या पावसाने ठाणे जिल्ह्यात कापून ठेवलेले भात भिजले. त्या एकाच पावसाकडे बोट दाखवून 'हवामान बदलले' असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. अरबी समुद्र तापत चालला आहे आणि उष्ण हवा अधिक बाष्प धरते, एवढे सांगितले तरी ज्याचे भात भिजले तो पुढचे ऐकू लागेल.

मग त्याला खाचराच्या कडेला न्यावे. पाण्याने भरलेली बाटली पाण्यातच उपडी धरावी, काठीने तळचा चिखल ढवळावा आणि वर येणारे बुडबुडे तिच्यात साठवावेत. इटलीतील व्होल्टाने १७७६ साली माज्जोरे सरोवराच्या काठी हा वायू असाच गोळा केला होता.