परतावा वाढला तरी मासळी तेवढीच


‘डिझेलचा परतावा वाढवा, मच्छीमार सावरेल’ हे गेल्या अंकातले पत्र वाचले. डिझेलवरील कराचा थकलेला परतावा वेळेवर मिळावा, यात वाद नाही. पण तो मिळतो जाळलेल्या डिझेलवर. म्हणजे मोठ्या इंजिनाच्या, लांबवर जाणाऱ्या बोटीला जास्त आणि किनाऱ्यालगत डोल जाळे लावणाऱ्या कोळ्याला कमी. जवळची मासळी विरळ झाली की बोट आणखी दूर जाते, खर्च वाढतो आणि मागणीचा अर्ज पुन्हा तयार!

पावसाळी बंदी पुरेशी आहे, असेही पत्रलेखक म्हणतात. ६१ दिवस थांबायचे आणि १ ऑगस्टला सगळ्यांनी एकदम तुटून पडायचे, यात साधते काय? आपल्याकडे परवाना बोटीला असतो. तिने किती मासळी धरावी याला मर्यादा नाही. त्यामुळे छोटे पापलेट सोडून देणारा तांडेल मूर्ख ठरतो, कारण ते पुढच्या जाळ्यात जाणारच. २०२३ मध्ये याच पापलेटला आपण राज्यमासा केले. लिलावात मात्र तळहातात मावणारी पिल्ले पाट्या भरभरून येतात.

राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा २०२१ मध्ये सुधारला, दंड लाखांत गेला, निकालाचे काम तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसाय खात्याकडे आले. हे चांगलेच झाले. पण राज्याची हद्द १२ सागरी मैलांवर संपते, पलीकडे केंद्र. एलईडी दिवे लावून मासळी ओढणाऱ्यांना ही रेघ आपल्यापेक्षा चांगली ठाऊक आहे.

परतावा द्यायचाच तर जाळ्याचा आस, म्हणजे छिद्रांचा आकार, तपासून द्या.

– एक वाचक, पालघर