वीट उचलायला किती हालचाली?

चौथीतल्या एका मुलीने परवा मला विचारलं, "बाई, माझी ताई इंजिनीअर झाली, तरी अजून शिकणार म्हणते. आता आणखी काय शिकायचं असतं हो?"

ताईला इंडस्ट्रियल इंजिनीअरिंगमध्ये एम.टेक. करायचंय. आजोबांचा मात्र ठाम विरोध. "घड्याळ घेऊन कामगारांच्या मागे उभं राहायचं, हे काय शिक्षण झालं?"

आजोबांचं अगदीच चुकलं नाही हं! अमेरिकेत टेलर नावाच्या इंजिनीअरने कामाची वेळ घड्याळाने मोजायची पद्धत रूढ केली. १९११ साली वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्र-कारखान्यात कामगारांनी याच मोजणीवरून संप केला. माणूस म्हणजे काय यंत्र आहे?

पण फ्रँक गिलब्रेथची गोष्ट ऐका. तो स्वतः गवंडीकाम केलेला. गवंडी प्रत्येक विटेसाठी खाली वाकतो, पुन्हा उभा राहतो, हे त्याने नीट पाहिलं. एका विटेमागे १८ हालचाली! मग त्याने वरखाली करता येणारी परांची बनवली, विटा हाताशी ठेवल्या. हालचाली उरल्या ५. तासाला १२० विटा बसायच्या, तिथे ३५० बसू लागल्या. आणि तेही कुणाला पळवून नव्हे, वाकणं वाचवून! त्याची बायको लिलियन मानसशास्त्र शिकलेली. १९२४ मध्ये फ्रँक वारल्यावर तिने मुलांचा मोठा गोतावळा सांभाळत हेच काम पुढे नेलं, स्वयंपाकघरातले कष्टही अभ्यासले. १९३५ मध्ये ती पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाली.

ताई दोन वर्षं हेच शिकेल. रांग का तुंबते, गोदामात माल किती ठेवावा, खुर्ची किती उंच हवी. गणित भरपूर, संख्याशास्त्र तर हवंच. पवईच्या आय.आय.टी.त हा विषय आहे. पालकांनो, प्रवेशासाठी 'गेट' परीक्षा द्यावी लागते. सरकारी संस्थेत गेटच्या गुणांवर जागा मिळाली, तर बहुतेकांना दरमहा विद्यावृत्तीही मिळते. आजोबांना हे जरूर सांगा.

आणि मुलांनो, घरी पोळ्या होताना पाहा. डबा, पोळपाट, तवा, तूप... करणाऱ्याला किती वेळा वळावं, वाकावं लागतं? मोजा. फक्त आधी विचारून मोजा बरं का, नाहीतर तिथेही संप व्हायचा! मग कुठली वस्तू कुठे हलवली, की काय वाचलं, ते मला पत्राने कळवा.